जँगो ॲडमिनमध्ये स्थित्यंतरे : ड्रॉपडाउनऐवजी नियमांवर चालणारा कार्यप्रवाह

जँगो हे वेब फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहरातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत आकाराला आले आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याच्याबरोबर तयार मिळणारा ॲडमिनही मजकूर भरणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसांसाठीच घडला. तरीही संपादकीय कामाचा जो कणा आहे, म्हणजे मसुदा, तपासणी, मंजुरी आणि प्रकाशन हा क्रम, तो सांभाळण्याची व्यवस्था ॲडमिनमध्ये आयती मिळत नाही. नवा प्रोग्रामर मॉडेलमध्ये स्थितीचे एक फील्ड घालतो, ॲडमिन त्याचा ड्रॉपडाउन करून देतो आणि काम झाले असे वाटू लागते. मात्र तो ड्रॉपडाउन प्रत्येकाला प्रत्येक वेळी सगळ्याच स्थिती दाखवतो, त्यामुळे काल रुजू झालेला लेखकही स्वतःचा अर्धवट मसुदा थेट ‘प्रकाशित’ करू शकतो.

हा लेख त्या ड्रॉपडाउनच्या जागी नियमांनी बांधलेली स्थित्यंतरे कशी आणावीत, हे पायरीपायरीने सांगतो. सगळ्या मांडणीमागे एकच आग्रह आहे: कोणती स्थिती कोणत्या स्थितीनंतर येऊ शकते, हा निर्णय मॉडेलने घ्यावा आणि ॲडमिनने तो फक्त विचारावा. वाचकाने जँगोचा प्राथमिक पाठ केलेला आहे आणि त्याच्याकडे ४.२ किंवा त्यानंतरची आवृत्ती आहे, असे येथे गृहीत धरले आहे. फंक्शने, मेथडी आणि ब्लॉक यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत.

आधी कागदावर

संगणक उघडण्यापूर्वी एका कागदावर सर्व स्थिती लिहून काढाव्यात आणि त्यांच्यामध्ये बाण काढावेत. आपल्या उदाहरणात लेखाच्या पाच स्थिती आहेत: मसुदा, तपासणीत, मंजूर, प्रकाशित आणि मागे घेतलेला. बाणांना क्रियापदांची नावे द्यावीत, कारण स्थिती म्हणजे लेख आता कुठे आहे आणि स्थित्यंतर म्हणजे कोणीतरी केलेली कृती. तपासणीला पाठवणे, परत पाठवणे, मंजूर करणे, प्रकाशित करणे, मागे घेणे आणि पुन्हा उघडणे अशा सहा कृती आपल्याला लागतील. पुन्हा उघडलेला लेख मागे घेतलेल्या स्थितीतून मसुद्यात येतो.

बाण काढताना जे प्रश्न पडतात, तेच या पायरीचे खरे फळ आहे. मंजूर झालेल्या लेखात प्रकाशनापूर्वी चूक सापडली तर काय करायचे? पहिल्या आराखड्यात बहुतेक जण ही वाट विसरतात आणि मग एके दिवशी कोणाला तरी थेट डेटाबेसमध्ये हात घालावा लागतो. म्हणून ‘परत पाठवणे’ ही कृती तपासणीत आणि मंजूर अशा दोन्ही स्थितींतून करता आली पाहिजे. आता हिशेब असा होतो: पाच स्थितींमध्ये एकीतून दुसरीत जाण्याच्या एकूण २० वाटा संभवतात आणि त्यांपैकी फक्त ७ आपल्याला हव्या आहेत. ड्रॉपडाउन उरलेल्या १३ वाटाही उघड्या ठेवतो.

प्रत्येक बाणाखाली आणखी दोन गोष्टी लिहाव्यात: ही कृती कोणी करायची आणि त्या वेळी काय खरे असले पाहिजे. मंजुरी संपादकाने द्यायची, पण तो संपादक त्या लेखाचा लेखक नसावा. तपासणीला पाठवताना शीर्षक आणि मजकूर रिकामे नसावेत. हा कागद जपून ठेवावा. पुढे चाचण्या लिहिताना तो तसाच उपयोगी पडतो.

मॉडेलमधील स्थितीचे फील्ड

स्थितींची यादी टेक्स्टचॉइसेसच्या वर्गात लिहावी. डेटाबेसमध्ये साठवायचे मूल्य आणि माणसाला दिसणारे नाव त्यात वेगळे राहते, त्यामुळे उद्या ‘तपासणीत’ऐवजी ‘संपादकाकडे’ असे दाखवायचे ठरले, तरी साठवलेल्या ओळींना धक्का लागत नाही. स्थितीचे फील्ड कॅरेक्टर प्रकारचे ठेवून मसुदा हे त्याचे डिफॉल्ट मूल्य द्यावे, त्यावर इंडेक्स असू द्यावा, कारण यादी स्थितीनुसार गाळण्याचे काम सतत चालते, आणि एडिटेबल हा पर्याय फॉल्स करावा. या शेवटच्या पर्यायामुळे कोणताही मॉडेलफॉर्म हे फील्ड आपोआप घेत नाही. ब्राउझरमधून कोणी मुद्दाम स्थितीचे मूल्य पाठवले, तरी फॉर्म त्याकडे पाहतच नाही.

येथे नवख्यांचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. फील्डला चॉइसेस दिल्या म्हणजे डेटाबेस भलते मूल्य नाकारील, असे नाही. चॉइसेसची पडताळणी फुल_क्लीन चालते तेव्हा होते, आणि एडिटेबल फॉल्स असलेल्या आपल्या फील्डसाठी तर तेव्हाही होत नाही. फॉर्म फुल_क्लीन चालवतो, पण सेव्ह ही मेथड ते स्वतःहून चालवत नाही. शेलमधून किंवा एखाद्या आयातीच्या स्क्रिप्टमधून चुकीचे स्पेलिंग आले, तर ते निमूटपणे साठवले जाते. म्हणून मॉडेलच्या मेटा वर्गात चेककन्स्ट्रेंट घालून स्थिती ठरलेल्या पाच मूल्यांपैकीच असावी, हे डेटाबेसलाही सांगून ठेवावे.

स्थित्यंतराचे एकच दार

आता मुख्य काम. कागदावरच्या सहा कृती एका डिक्शनरीत उतरवाव्यात: प्रत्येक कृतीच्या नावासमोर कोणत्या स्थितींतून ती करता येते, शेवटी कोणती स्थिती येते, कोणती परवानगी लागते आणि कोणती अट तपासायची, हे चार तपशील. ही डिक्शनरी वाचणारी एकच मेथड मॉडेलवर असावी आणि तिला कृतीचे नाव, कृती करणारी व्यक्ती व टिपण द्यावे. संपूर्ण प्रकल्पात स्थिती बदलणारी ओळ या मेथडीबाहेर कुठेही असू नये. हा नियम कडक वाटेल, पण ‘ही स्थिती बदलली कोणी’ या प्रश्नाचे उत्तर शोधायला एकच जागा उरते, याचे मोल पहिली गडबड होते त्या दिवशी कळते.

मेथडीच्या आतला क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवातीला ट्रान्झॅक्शनमधील ॲटॉमिक उघडावे, म्हणजे आतले सगळे बदल एकत्र साठतात किंवा एकत्र रद्द होतात, आणि त्या लेखाची ओळ सिलेक्ट_फॉर_अपडेट वापरून डेटाबेसमधून नव्याने आणावी. त्यामुळे आपले काम संपेपर्यंत त्या ओळीला कुलूप लागते. हातातल्या ऑब्जेक्टवर विसंबून चालत नाही, कारण पान उघडल्यापासून बटण दाबेपर्यंतच्या काळात दुसऱ्या कोणी स्थिती बदललेली असू शकते. नव्याने आणलेल्या ओळीची स्थिती या कृतीला चालते का, व्यक्तीला परवानगी आहे का आणि अट पुरी होते का, हे याच क्रमाने पाहावे. सगळे जुळले तर नवी स्थिती साठवावी, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये इतिहासाची एक ओळ लिहावी आणि शेवटी हातातले ऑब्जेक्ट रिफ्रेश_फ्रॉम_डीबीने ताजे करावे. स्थिती किंवा अट जुळली नाही, तर आपण स्वतः घडवलेले एक्सेप्शन उठवावे आणि त्यात माणसाला समजेल असे कारण लिहावे. ‘हा लेख आता तपासणीत नाही, त्यामुळे तो मंजूर करता येत नाही’ असे वाक्य मेथडीतच तयार झाले, की ॲडमिनला ते फक्त दाखवायचे उरते. परवानगी नसेल, तर मात्र जँगोचे परमिशनडिनाइड उठवावे. त्याचे उत्तर आपोआप ४०३, म्हणजे ‘मनाई’, या क्रमांकाने जाते.

सेव्हला अपडेट_फील्ड्स देऊन केवळ स्थितीचे फील्ड लिहिणे चांगले, कारण मग इतर फील्डांवर चुकून काही ओढवत नाही. फक्त एवढे लक्षात असावे, की ऑटो_नाऊ असलेले, म्हणजे सेव्हच्या वेळी वेळ आपोआप भरणारे, ‘शेवटचा बदल’ हे फील्डही त्या यादीत घातले नाही, तर ते जुनेच राहते.

ओळीला कुलूप लावण्याबाबत आणखी एक सूचना आहे. एसक्यूलाइटवर सिलेक्ट_फॉर_अपडेटचा काहीच परिणाम होत नाही. चूकही दाखवली जात नाही. सरावासाठी एसक्यूलाइट आणि प्रत्यक्ष कामासाठी पोस्टग्रेसक्यूएल, अशी विभागणी असेल, तर हे कुलूप सरावात कधीच तपासले जात नाही. दोन्हीकडे सारखी चालणारी पद्धत हवी असेल, तर लेखाचा क्रमांक आणि जुनी स्थिती या दोन्हींवर फिल्टर लावून अपडेट चालवावे आणि बदललेल्या ओळींची संख्या १ आली का, ते पाहावे. ती ० आली, तर आपल्या आधी कोणीतरी स्थिती हलवलेली आहे. या पद्धतीत सेव्ह चालत नाही, सेव्ह झाल्याची सूचना इतर कोडला देणारे सिग्नल उठत नाहीत आणि ऑटो_नाऊ फील्डही बदलत नाही, एवढी किंमत आपण जाणूनबुजून मोजतो.

परवानगी वेगळी, अट वेगळी

जँगो प्रत्येक मॉडेलसाठी जोडणे, बदलणे, काढणे आणि पाहणे अशा चार परवानग्या स्वतःहून तयार करतो. ‘मंजूर करणे’ ही त्यांत न बसणारी गोष्ट आहे, म्हणून मेटा वर्गातील परमिशन्समध्ये ती स्वतः नोंदवावी. मायग्रेट चालवल्यावर ती तक्त्यात येते आणि मग ॲडमिनमधूनच ‘संपादक’ या गटाला देता येते. सहाही कृतींना वेगळी परवानगी लागेलच असे नाही. तपासणीला पाठवणे आणि पुन्हा उघडणे यांना बदलण्याची साधी परवानगी पुरते; मंजुरी, परत पाठवणे, प्रकाशन आणि मागे घेणे यांना मात्र स्वतंत्र परवानगी असावी.

परवानगी म्हणजे व्यक्तीबद्दलचा प्रश्न आणि अट म्हणजे त्या क्षणी या विशिष्ट लेखाबद्दलचा प्रश्न. दोन्ही एकत्र केले, की गोंधळ होतो आणि त्याचे कारण सुपरयूजर आहे. सक्रिय सुपरयूजरला हॅज_पर्म ही मेथड कोणत्याही परवानगीसाठी ट्रूच देते. ‘स्वतःचा लेख स्वतः मंजूर करू नये’ हा नियम जर परवानगीच्या तपासणीत मिसळला आणि ती तपासणी सुपरयूजरला वगळून पुढे गेली, तर नियम गळून पडतो. तोच नियम अट म्हणून वेगळा लिहिला, तर सुपरयूजरलाही तो लागू होतो. याच कारणाने एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी: हे सगळे काम सुपरयूजर म्हणून लॉगिन करून तपासू नये. स्टाफ असलेला एक साधा लेखक आणि एक साधा संपादक अशी दोन खाती तयार करावीत. मी स्वतः सुरुवातीच्या एका प्रकल्पात सगळी बटणे सुपरयूजरच्या खात्यातून तपासली होती आणि संपादकांच्या गटाला मंजुरीची परवानगी द्यायचीच राहिली आहे, हे काम सुरू झाल्यावर कळले.

ॲडमिनच्या पानावर बटणे

मॉडेलॲडमिनमध्ये स्थितीचे फील्ड रीडओन्ली_फील्ड्समध्ये घालावे. एडिटेबल फॉल्स असले, तरी वाचण्यापुरते ते येथे दाखवता येते. लिस्ट_डिस्प्ले आणि लिस्ट_फिल्टरमध्येही ते जरूर असावे.

बटणे दाखवण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात फॉर्मच्या खालच्या पट्टीत, सबमिट_बटन्स_बॉटम या ब्लॉकमध्ये, ‘सेव्ह’च्या शेजारी आपली बटणे घालतात आणि रिस्पॉन्स_चेंज ही मेथड ओव्हरराइड करून कोणते बटण दाबले ते ओळखतात. हा मार्ग सोपा आहे आणि बटण दाबताना फॉर्ममधले बदलही साठवले जातात. परंतु त्याची एक मर्यादा लवकरच आडवी येते. चेंज_व्ह्यूकडे पोस्ट विनंती आली आणि व्यक्तीला बदलण्याची परवानगी नसली, तर जँगो ती विनंती तिथेच नाकारतो. लेख वाचून मंजूर करणाऱ्या, पण मजकुराला हात न लावणाऱ्या संपादकाला या मार्गाने मंजुरी देताच येत नाही. संपादकाला बदलण्याची परवानगी देऊन टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्याने तपासणीचा अर्थच पातळ होतो.

म्हणून मी दुसरा मार्ग सुचवतो: प्रत्येक स्थित्यंतरासाठी स्वतंत्र यूआरएल आणि खात्री करून घेणारे एक पान. ॲडमिनमध्ये ‘काढा’ म्हटल्यावर जसे विचारणा करणारे पान येते, तसेच हे. मॉडेलॲडमिनच्या गेट_यूआरएल्समध्ये लेखाचा क्रमांक आणि कृतीचे नाव घेणारा एक पाथ जोडावा. तो मूळ यादीच्या आधी जोडावा, नंतर नव्हे. मूळ यादीच्या शेवटी जँगोने कोणताही मार्ग पकडून पुढे पाठवणारा एक पाथ ठेवलेला असतो. आपला पाथ त्याच्या मागे गेला, तर तो कधीच सापडत नाही आणि बिघाड कुठे आहे, याचा शोध घेण्यात दुपार जाते.

आपला व्ह्यू ॲडमिन_साइटच्या ॲडमिन_व्ह्यूमध्ये गुंडाळणे अनिवार्य आहे. तसे केले नाही, तर हा यूआरएल लॉगिन न केलेल्यांनाही उघडा राहतो. गुंडाळल्यावर व्यक्ती स्टाफ आहे का आणि सीएसआरएफ टोकन (विनंती दुसऱ्या संकेतस्थळाने फसवून पाठवलेली नाही, याची खूण) बरोबर आहे का, एवढे पाहिले जाते. या लेखासाठी परवानगी आहे का, हे मात्र आपणच विचारायचे असते. आधी हॅज_व्ह्यू_परमिशन पाहावे आणि नंतरचा निर्णय मॉडेलच्या मेथडीवर सोपवावा.

गेट विनंती आली, तर फक्त पान दाखवावे. पोस्ट विनंती आली, तरच स्थिती बदलावी. दुव्यावर टिचकी मारताच लेख प्रकाशित व्हावा, हे सोयीचे दिसते, पण ब्राउझर आणि इतर साधने दुवे आधीच उघडून ठेवू शकतात आणि गेट विनंतीला सीएसआरएफची राखण नसते. जँगोने स्वतःच्या बाबतीतही हेच केले: गेट विनंतीने लॉगआउट होण्याची सोय ४.१ मध्ये कालबाह्य ठरवली आणि ५.० मध्ये काढून टाकली.

या पानाकडे नेणारे दुवे लेखाच्या पानावर, उजवीकडे वर ‘इतिहास’ बटणाच्या शेजारी, ऑब्जेक्ट-टूल्स-आयटम्स या ब्लॉकमध्ये द्यावेत. त्यासाठी टेम्प्लेट्सच्या फोल्डरमध्ये ॲडमिन, ॲपचे नाव आणि मॉडेलचे नाव अशा क्रमाने उपफोल्डर करून चेंज_फॉर्मची फाइल ठेवली, तर जँगो ती आपोआप उचलतो. मूळ टेम्प्लेट एक्स्टेंड करावे आणि ब्लॉकमध्ये ब्लॉक.सुपर लिहायला विसरू नये, नाहीतर ‘इतिहास’ हे बटणच नाहीसे होते. कोणते दुवे दाखवायचे, हे चेंज_व्ह्यू ओव्हरराइड करून एक्स्ट्रा_कॉन्टेक्स्टमधून पाठवावे. तेथे मॉडेलला ‘या व्यक्तीला आता कोणत्या कृती करता येतील’ असे विचारणारी दुसरी छोटी मेथड वापरावी, जी तीच डिक्शनरी वाचते. टेम्प्लेटमध्ये स्थितींची तुलना करणाऱ्या ‘इफ’ची रांग लावू नये. तशी रांग लावली, की नियम दोन ठिकाणी लिहिले जातात आणि सहा महिन्यांत ते एकमेकांशी भांडू लागतात. दुवा लपवणे ही वापरणाऱ्याची सोय आहे, सुरक्षा नव्हे. पत्ता हाताने टाइप करणाऱ्याला अडवण्याचे काम मेथडच करते.

खात्री करण्याच्या पानाचा खरा लाभ टिपणात आहे. ‘परत पाठवणे’ निवडल्यावर कारण लिहिणे सक्तीचे ठेवावे. कारणाशिवाय परत आलेला लेख लेखकाला काहीच सांगत नाही. याच पानावर एका लपलेल्या फील्डमध्ये संपादकाने पाहिलेली स्थितीही ठेवावी आणि पोस्ट झाल्यावर ती डेटाबेसमधील स्थितीशी ताडून पाहावी. आपल्या उदाहरणात याची गरज ठळकपणे दिसते: एका संपादकाने लेख मंजूर केला आणि त्याच वेळी दुसऱ्याने तपासणीतला समजून तो परत पाठवला, तर नियमांच्या दृष्टीने दुसरी कृतीही वैध ठरते, कारण मंजूर लेख परत पाठवता येतो. पाहिलेली स्थिती ताडली, तरच दुसऱ्याला ‘दरम्यान हा लेख मंजूर झाला आहे’ असे सांगता येते. या मार्गाची एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे: दुव्यावर गेल्याने फॉर्ममधील न साठवलेले बदल जातात. खात्रीच्या पानावर तसे एक वाक्य लिहून ठेवावे.

कृती झाल्यावर मेसेज_यूजरने निरोप द्यावा, लेखाच्या पानावर परत न्यावे आणि आपले एक्सेप्शन आले, तर त्यातले कारण चूक म्हणून दाखवावे. लेखकाला ईमेल पाठवायचा असेल, तर तो ऑन_कमिटमध्ये द्यावा, म्हणजे ट्रान्झॅक्शन उलटले तर खोटी बातमी बाहेर जात नाही.

इतिहास कुठे ठेवावा

ॲडमिनचा स्वतःचा इतिहास असतो आणि लॉग_चेंज वापरून आपली कृती त्यात नोंदवता येते. ती जरूर नोंदवावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये. लॉगएंट्री हे मॉडेल वापरकर्त्याशी कॅस्केड पद्धतीने जोडलेले आहे, त्यामुळे एखाद्या संपादकाचे खाते काढून टाकले, की त्याने दिलेल्या सगळ्या मंजुरींच्या नोंदीही त्याच्याबरोबर पुसल्या जातात. शिवाय ॲडमिनबाहेर झालेले बदल तेथे येतच नाहीत.

म्हणून इतिहासाचे स्वतंत्र मॉडेल करावे: लेख, कृती, आधीची स्थिती, नंतरची स्थिती, व्यक्ती, टिपण आणि वेळ. व्यक्तीचा दुवा प्रोटेक्ट ठेवावा, म्हणजे नोंदी असताना ते खाते काढताच येत नाही, आणि काम सोडून गेलेल्यांचे खाते काढण्याऐवजी निष्क्रिय करावे. लेखाच्या पानावर हा इतिहास टॅब्युलरइनलाइनने दाखवावा आणि त्यात जोडणे, बदलणे व काढणे या तिन्ही परवानग्यांच्या मेथडींनी फॉल्स द्यावे.

मंजूर मजकुराला कुलूप

या पायरीकडे फार थोडे मार्गदर्शक लक्ष देतात, आणि मला ती बटणांइतकीच महत्त्वाची वाटते. स्थिती बदलण्याची वाट बंद केली, पण मंजूर झालेल्या लेखाचा मजकूर लेखकाला अजूनही बदलता येत असेल, तर मंजुरी नेमकी कशाला मिळाली? गेट_रीडओन्ली_फील्ड्समध्ये लेखाची स्थिती पाहून मसुदा सोडून इतर स्थितींत शीर्षक आणि मजकूर केवळ वाचण्यापुरते करावेत. नवा लेख जोडताना ऑब्जेक्ट नन असते, याची दखल आधी घ्यावी. प्रीपॉप्युलेटेड_फील्ड्स वापरून शीर्षकावरून स्लग, म्हणजे पत्त्यात वापरायचे छोटे नाव, भरत असाल, तर तेथेही गेट_प्रीपॉप्युलेटेड_फील्ड्स लिहून त्या स्थितींत रिकामी डिक्शनरी द्यावी. नाहीतर फॉर्ममध्ये नसलेले फील्ड शोधताना पान कोसळते.

काढून टाकणे हेही एक प्रकारचे स्थित्यंतरच आहे. हॅज_डिलीट_परमिशनमध्ये लेखाची स्थिती पाहून मसुद्याखेरीज कोणताही लेख काढता येणार नाही, असे करावे.

एकदम अनेक लेख

यादीच्या पानावर अनेक लेख निवडून ते एकत्र प्रकाशित करण्याची मागणी येतेच. ॲडमिनमधील ॲक्शन हा डेकोरेटर त्यासाठी आहे. त्याच्या परमिशन्स या पर्यायात ‘पब्लिश’ लिहिले, तर मॉडेलॲडमिनवर हॅज_पब्लिश_परमिशन नावाची मेथड असावी लागते आणि ती फॉल्स देईल तेव्हा ती कृती यादीत दिसत नाही. कृतीच्या आत क्वेरीसेटवर सरळ अपडेट चालवण्याचा मोह टाळावा. एका ओळीत काम होते खरे, पण ती ओळ स्थिती, अट, इतिहास या सगळ्यांना वळसा घालून जाते. एकेक लेख घेऊन मॉडेलची मेथड चालवावी, यश आणि अपयश वेगळे मोजावे आणि किती लेख प्रकाशित झाले व कोणते का राहिले, हे निरोपात सांगावे.

तयार पॅकेज घ्यावे का

जँगो-एफएसएम हे या कामासाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले पॅकेज आहे. त्यात स्थितीसाठी खास फील्ड मिळते आणि ट्रान्झिशन या डेकोरेटरने मेथडीवर सोर्स, टार्गेट, कंडिशन्स आणि परमिशन लिहिता येतात. मूळ पॅकेज पुढे व्ह्यूफ्लोमध्ये सामावले गेले आणि त्याची जँगो-एफएसएम-२ ही शाखा स्वतंत्रपणे सांभाळली जाते, त्यामुळे नव्या प्रकल्पात घेताना नाव नीट पाहून घ्यावे. त्यात नवख्यांना फसवणारी एक गोष्ट अशी, की डेकोरेट केलेली मेथड चालवल्यावर स्थिती फक्त हातातल्या ऑब्जेक्टवर बदलते. सेव्ह आपणच करायचे असते. दुसरी अशी, की परमिशनची तपासणी मेथड चालवताना आपोआप होत नाही. ती वेगळी विचारावी लागते. पहिला कार्यप्रवाह हाताने लिहावा आणि नियमांची यादी लांबू लागली, की पॅकेजकडे वळावे, असे माझे मत आहे. हाताने लिहिल्यावर पॅकेज कोणते प्रश्न सोडवते आणि कोणते आपल्यावर सोडते, हे स्पष्ट दिसते.

चाचण्या आणि जुना डेटा

सहा कृती आणि पाच स्थिती मिळून ३० जोड्या होतात. त्यांपैकी ७ यशस्वी व्हायला हव्यात आणि २३ मध्ये आपले एक्सेप्शन यायला हवे. दोन लूप आणि सबटेस्ट वापरून ही पूर्ण चाचणी थोड्याच ओळींत लिहिता येते. अपेक्षित सात जोड्या मात्र कागदावरून उतरवाव्यात, डिक्शनरीतून काढू नयेत, कारण तसे केल्यास कोड स्वतःलाच तपासत बसतो. त्याखेरीज तीन चाचण्या चुकवू नयेत: गेट विनंतीने स्थिती बदलत नाही, परवानगी नसलेल्या स्टाफने थेट पोस्ट केल्यास ४०३ येते आणि सुपरयूजरलाही स्वतःचा लेख मंजूर करता येत नाही. चाचणीत परवानगी दिल्यानंतर वापरकर्ता डेटाबेसमधून पुन्हा आणावा, कारण एकदा तपासलेल्या परवानग्या त्या ऑब्जेक्टवर साठून राहतात.

शेवटची पायरी चालू प्रकल्पांसाठी आहे. स्थितीचे फील्ड जुन्या तक्त्यात जोडले, की डिफॉल्टमुळे आधीपासून प्रसिद्ध असलेला प्रत्येक लेख मसुदा होतो आणि संकेतस्थळ एका क्षणात रिकामे दिसू शकते. म्हणून फील्ड जोडणाऱ्या मायग्रेशननंतर लगेच रनपायथनचे मायग्रेशन ठेवून जुन्या खुणांवरून, उदाहरणार्थ प्रकाशनाच्या तारखेवरून, योग्य स्थिती भरावी. मायग्रेशनमध्ये ॲप्सच्या गेट_मॉडेलने मिळणाऱ्या ऐतिहासिक मॉडेलवर आपल्या मेथडी नसतात, त्यामुळे एवढ्या एका ठिकाणी थेट अपडेट करणे योग्यच आहे. चेककन्स्ट्रेंट त्यानंतरच्या मायग्रेशनमध्ये घालावे आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर जाण्यापूर्वी हे सगळे डेटाच्या प्रतीवर चालवून, आधी प्रसिद्ध असलेल्या लेखांची संख्या आणि नंतर ‘प्रकाशित’ स्थितीत आलेल्या लेखांची संख्या ताडून पाहावी. जे लेख कोणत्याच खुणेत बसले नाहीत, त्यांची यादी छापून संपादकांच्या हाती द्यावी आणि त्यांची स्थिती त्यांनाच ठरवू द्यावी.